आबांची वाट, कंपनीचं लॉक

बारामतीत कुणी फार गोड बोलायला लागलं की नामदेव तात्या नाक वर करून वास घ्यायचे. अगदी त्याच्या तोंडावर. दोनदा हुंगायचे आणि माझ्याकडं वळून म्हणायचे, "गुरुजी, कायतरी कुजलंय जनू." समोरचा बिचारा चपलेचा तळ उलटा करून बघायचा. मेंढरात वाढलेल्या माणसाचं नाक आहे, फसत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते नाकाचा काही संबंध नव्हता, माणूसच तिरसट होता. मला तो आवडायचा, कारण मीही तसाच आहे.

मी गावातल्या शाळेत मराठी शिकवायचो आणि संध्याकाळी तात्यांच्या छापखान्यात प्रूफं वाचायचो. छापखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. पुढं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, भिंतीला शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशांच्या, केसेस आणि मधे एक बाकडं. त्या बाकड्यावर बसायला तात्या कुणाला सांगत नसत. गिऱ्हाईक उभंच. "बसलं की लई बोलतंय," हे कारण. लग्नपत्रिकेत कुणी स्वतःच्या नावापुढं 'प्रगतशील बागायतदार' असं लिहून आणलं की विचारायचे, "कुटवर आलीया प्रगती? आमाला बी कळू द्या." माणूस रागानं दुसऱ्या छापखान्यात जायचा आणि दोन-चार दिवसांनी तोंड पाडून परत यायचा, कारण तात्यांइतकं स्वच्छ छापणारं दुसरं कुणी नव्हतं. मजकुरात मी चूक दाखवली की तात्या भांडायचे, आणि मी घरी गेलो की गुपचूप दुरुस्त करायचे.

हा असा माणूस खिळ्यांच्या बाबतीत मात्र कर्णाचा अवतार. लग्नसराईत सगळ्याच छापखान्यांत 'चि' आणि 'सौ' कमी पडायचे. मग बारामतीतला, माळेगावातला, थेट इंदापूरचा माणूस तात्यांच्या दारात यायचा. तात्या दोन शिव्या हासडायचे, रुमाल पसरायचे आणि मुठीनं खिळे टाकायचे. इंदापूरच्या वसंतरावांना तर एसटीच्या कंडक्टरच्या हाती खिळे जायचे. किती गेले, किती आले, याची कुठं नोंद नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खिळ्याची उंची समद्या मुलखात एकच ठिवलीया, ती कशापायी? कुनाच्या बी कारखान्याचा असू दे, माज्या चौकटीत बसतोय आन छापतोय. मग त्यो माजा काय आन वसंतरावाचा काय."

त्यांची आणखी एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढं तिनंच घात केला. छापखान्यात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कागदाच्या डोक्यावर देवाचं नाव असायचं. 'श्री गणेश प्रसन्न', 'श्री बिरोबा प्रसन्न', 'कुलस्वामिनी प्रसन्न'. असा कागद रद्दीत जाऊन त्यात कुणी भजी बांधली, तर पाप कुणाला? म्हणून मजकूर जुळवून झाला, प्रूफ पास झालं, की हस्तलिखित आणि प्रूफं एका पोत्यात जायची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या ते पोतं सायकलला बांधून कॅनॉलवर न्यायचे आणि हात जोडून पाण्यात सोडायचे. एकदा खिळे जुळले की मजकूर शिशात उभा असतो, डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. मग कागद कशाला हवा? सगळं आयुष्य असं गेलेला माणूस होता.

मग बारामतीत शिरीष साहेब आले. एका मोठ्या कंपनीचे डीलर. कंपनीचं नाव मी घेत नाही, तोंड खराब होतं. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं आणणारा त्यांचा प्रोग्रॅम तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात चालत होता. शिरीष साहेबांचा शर्ट इस्त्रीचा, आवाज मधाचा, आणि प्रत्येकाला पहिल्याच भेटीत 'आपण घरचेच' म्हणायची सवय. तात्या हुंगतील, माणूस चपला बघेल, अशी मी वाट बघत राहिलो. पण तात्या त्या पडद्यावरच्या अक्षरांकडं असे बघत बसले की मला जरा लाजच वाटली. हवं तेवढं मोठं अक्षर, हवं तेवढं बारीक. 'चि' कधीच संपणार नाही.

"वास नाही घेतला?" मी नंतर टोचलं.

"घ्येतला की. नवा वास हाय," तात्या म्हणाले.

खिळे कंपनीनं बदल्यात घेतले. टेम्पो आला, केसेस पोत्यात उपड्या झाल्या आणि तात्यांचे सगळे खिळे भंगारात वितळायला गेले. त्या बदल्यात आलेल्या कॉम्प्युटरच्या मागं, प्रिंटरच्या वायरीच्या तोंडाशी, काड्यापेटीएवढा एक तुकडा अडकवलेला होता. त्याला सगळे लॉक म्हणायचे. ते लॉक असेल तरच कंपनीचा प्रोग्रॅम चालू व्हायचा. त्यात टाईप केलेलं दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडलं, तर नुसता कचरा. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही, तात्यांनाही नाही.

त्याच वर्षी अंथुर्ण्याहून आबा आले. आबा म्हणजे तात्यांचे वडील. जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, मोरगाव, जेजुरी, भोर करत वरंधच्या घाटानं कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी माघारी यायचं. पुढं गावाला पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लावला. तात्यांचा धाकटा भाऊ साखर कारखान्यात, पुतणे ट्रॅक्टरवर. वाट आबांच्या डोक्यात तेवढी राहिली.

"नामा, माज्यामागं ही वाट कुनाला ठावं न्हाय," आबा त्या बाकड्यावर बसून म्हणाले. त्या बाकड्यावर बसलेला मी पाहिलेला पहिला माणूस. "कुटं पानी हाय, कुनाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, कंचा मानूस धान्य देतोय आन कंचा कुत्री सोडतोय. समदं सांगतो. तू छाप."

मग हिवाळाभर आबा यायचे आणि सांगायचे. तात्या आधी कागदावर उतरवून घेत आणि मग कॉम्प्युटरवर टाईप करत. पहिल्या कागदाच्या डोक्यावर आबांनी 'बिरोबा प्रसन्न' घालायला लावलं. दुसऱ्याच्या मजकुरावर तोंड वाकडं करणारे तात्या बापाच्या मजकुरात काना-मात्रेचा फरक करत नव्हते. मी दोन ठिकाणी शुद्ध करायला गेलो तर म्हणाले, "गुरुजी, ते त्येंचं हाय. तुमचा लाल पेन खिशात ठिवा."

पुस्तक टाईप होऊन तयार झालं. छापायचं राहिलं, कारण छापखानेवाला स्वतःचं काम नेहमी शेवटी करतो. कारखान्याचा अहवाल उरकू दे, लग्नसराई उरकू दे. दसरा आला. दुसऱ्या दिवशी तात्यांनी नेहमीसारखं पोतं सायकलला बांधलं. त्यात आबांचे कागद होते, माझी वाचलेली प्रूफं होती. मजकूर तर आत उभा आहे, हे त्यांना इतकं पक्कं होतं की मलाही ते पक्कंच वाटलं.

हिवाळ्यात कंपनीनं नवा प्रोग्रॅम काढला आणि बारामती-इंदापूरच्या सगळ्या छापखानेवाल्यांना एका हॉटेलात बोलावलं. प्रत्येकाला कंपनीच्या नावाची की-चेन आणि वाटीत गुलाबजाम. शिरीष साहेबांनी सांगितलं की नवा घ्यायचा तर जुनं लॉक जमा करायचं. जुन्या फायली नव्यात उघडणार नाहीत. मुदतीच्या आत फ्लॉपी दिली तर हेड ऑफिस बदलून देईल, मुदतीनंतर नाही.

तात्या उभे राहिले. "दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमात उघडंल असं का करून देत न्हाय?"

"तात्या, आपण घरचेच म्हणून सांगतो. आमच्या माणसांनी वर्षानुवर्षं डोळे फोडून ही अक्षरं केली. उघडं ठेवलं तर उद्या जो तो फुकट कॉपी करणार. कंपनी बुडाली तर तुम्हाला अक्षरं कोण देणार?"

हे अगदीच खोटं नव्हतं. त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी दुसऱ्या दिवशीच कॉपी मारली असती, एकेकाला मी ओळखून होतो. तात्यांनाही ते पटलं असावं.

"अक्षरं तुमची, कबूल," ते म्हणाले. "त्येचं पैसं दिलं, आनखी देतो. पन त्या अक्षरांत माज्या बापानं जे सांगितलंय, ते कुनाचं?"

"मजकूर अर्थातच तुमचा."

"मजकूर माजा, मशिन माजं, घर माजं. मग किल्ली तुमच्या खिशात कशापायी?"

शिरीष साहेब हसले आणि म्हणाले, "तात्या, गुलाबजाम घ्या." आणि सगळा हॉल हसला. ज्यांनी तात्यांच्या रुमालातून खिळे नेले होते, ते सगळे हसले आणि वाटीत चमचे घालून गुलाबजाम फोडायला लागले. एवढ्या वर्षांनीही लग्नात पाकातला गुलाबजाम समोर आला की मी वाटी शेजारच्याकडं सरकवतो.

मुदतीत जवळजवळ सगळ्यांनी लॉक जमा केली. तात्यांनी केलं नाही. बापाचं बोलणं पार्सल करून परक्याच्या हातात द्यायला त्यांचं मन घेईना. "उन्हाळ्यात छापून टाकतो, मग बगू," म्हणाले. पण उन्हाळ्याच्या तोंडाला आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यानंतर महिनाभरातच एका दुपारी वीज गेली, परत आली ती एवढ्या दाबानं की छापखान्यातला बल्ब फुटला. कॉम्प्युटर वाचला. मागचं लॉक जळालं.

तात्यांनी समोरच्या एसटीडी बूथवरून शिरीष साहेबांना फोन लावला. मी शेजारी उभा होतो. जुनं लॉक आता बनत नाही, तिकडून उत्तर. नवं घेतो, पण जुन्या फायली तेवढ्या काढून द्या. मुदत संपली तात्या, पॉलिसी आहे. पाया पडतो. पॉलिसी आहे. तात्यांनी 'पाया पडतो' म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ज्याला म्हटलं त्याला ते ऐकूसुद्धा गेलं नसेल.

मग ते छापखाने हिंडले. उसनं मागायला. एवढी वर्षं सगळे त्यांच्या दारात आले, आता हे एकेकाच्या दारात. जुनं लॉक आहे का, फक्त एक दिवस. ज्याला विचारावं त्यानं जमा केलेलं. शेवटी कळलं की इंदापूरच्या वसंतरावांनी अजून नवं घेतलेलं नाही. आम्ही दोघं एसटीनं इंदापूरला गेलो. वसंतरावांच्या मशीनच्या मागं लॉक होतं, मला खुर्चीवरून दिसत होतं.

"लॉक काढू नगा," तात्या म्हणाले. "ही फ्लॉपी घाला आन कागदावर छापून द्या, बस. मी हितंच बसतो."

वसंतराव खाली मान घालून चहात बिस्किट बुडवत राहिले. "तात्या, दुसऱ्याची फ्लॉपी घालायची न्हाय म्हनून सही घेतलीया. सर्विस बंद करत्यात. आन व्हायरस बी असतोय म्हनं."

"वसंतराव, माजा बाप हाय त्यात."

"व्हय, पन सही केलीया ना मी."

बिस्किट चहात तुटून पडलं आणि वसंतराव ते चमच्यानं काढायला लागले. मला त्या माणसाची इतकी किळस आली की मी उठून रस्त्यावर गेलो. कंपनी तर कंपनीच, तिला ना नाक ना डोळे. पण हा रुमालातले खिळे खाऊन वाढलेला माणूस. तात्या बाहेर आले आणि शिवीसुद्धा न देता स्टँडकडं चालू लागले. परतीच्या वाटेवर अंथुर्णे आलं, कंडक्टरनं घंटी मारली. आबा तिथं खाटेवर पडलेले. "उतरायचं ना?" मी विचारलं.

"कंच्या तोंडानं उतरू?" तात्या म्हणाले आणि खिडकीकडं वळले.

आबा पावसाळ्यात गेले. दहावं झालं आणि शिरीष साहेब अंथुर्ण्याला आले, गाडीतून, हार घेऊन. तात्यांच्या आईपुढं वाकून नमस्कार केला. मग तात्यांना म्हणाले, "कंपनीनं तुमची खास केस म्हणून विचार केलाय. आबांची फाईल उघडून देऊ. काही द्यायचं नाही. फक्त आमच्या माहितीपत्रकासाठी तुमचा एक फोटो. मेंढपाळाची वाट कॉम्प्युटरनं कशी जपली, असं."

तात्यांनी हुंगलं नाही. सरळ विचारलं, "आन बाकीच्यांच्या जुन्या फायली?"

"ती पॉलिसी आहे. तुमची खास केस."

"मग ऱ्हाऊ द्या. समद्यांचं उगडा, न्हाय तर माजं बी नगं."

मी मनात शाबास म्हटलं. पण कोपऱ्यातून म्हातारी बोलली. "नामा, फोटूनं तुजं काय झिजतंय? माज्या धन्याचं बोलनं हाय त्येच्यात. तू एवढा ताठ हायेस तर मला तुज्या तोंडानं समदी वाट सांग, मग हाकल त्येला." तात्यांना सांगता येईना. बापाचं टाईप करणं वेगळं आणि पाठ असणं वेगळं. त्यांनी उठून शर्टाची बटणं लावली.

फोटो छापखान्यात निघाला. फोटोग्राफरला शर्ट-पँट आवडेना. कुणाचं तरी घोंगडं आणून तात्यांच्या खांद्यावर टाकलं, हातात काठी दिली, डोक्यावर पटका चढवला. त्या माणसानं उभ्या जन्मात मेंढरं हाकली नव्हती, खिळे जुळवले होते. शिरीष साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हसा तात्या." तात्या हसले. मी ते हसू बघितलं आणि बघायला नको होतं असं वाटलं.

माहितीपत्रक महिनाभरात बारामतीपासून डाळजपर्यंत सगळीकडं वाटलं गेलं. पुढच्या पानावर घोंगडंवाले तात्या, मागच्या पानावर नव्या प्रोग्रॅमची जाहिरात. जे छापखानेवाले अजून रेंगाळत होते, त्यांनी तात्यांचा फोटो बघून नवा प्रोग्रॅम घेतला. वसंतराव मुद्दाम इंदापूरहून आले आणि म्हणाले, "तुमी हुबं ऱ्हायलासा म्हनल्यावर आमाला बी भरवसा आला." तात्यांनी दुपारचा डबा उघडला होता, तो तसाच झाकला आणि बाहेरच्या कुत्र्यापुढं उपडा केला. त्यानंतर आपला चेहरा असलेला प्रत्येक कागद ते दिसेल तिथून काढून फाडायचे, पण कंपनी कागदाला कमी करत नव्हती.

फाईल मात्र उघडून आली. तात्यांनी पुस्तक छापलं, थोड्या प्रती. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात कंपनीचं नाव होतं, तशी अट मागाहून आली होती. पहिली प्रत घेऊन आम्ही अंथुर्ण्याला गेलो. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं सतरंजी टाकली आणि म्हणाली, "नामा, वाच."

"गुरुजी वाचत्याल," तात्या म्हणाले. "मला त्या अक्षरांची शिसारी येती." आणि ते दाराबाहेर जाऊन पायरीवर बसले, आमच्याकडं पाठ करून.

मी वाचायला लागलो. मोरगाव झालं, जेजुरी झाली. म्हातारी मधूनच 'व्हय, व्हय' म्हणायची, एखाद्या शेतकऱ्याचं नाव आलं की त्याला शिवी द्यायची किंवा बरा होता म्हणायची. भोर मागं पडलं. मग हे आलं:

'घाटाच्या तोंडाला खडकात पानी हाय. हितं नामा तापला. त्या वर्साला त्येची आय बाळंतपनाला घरी व्हती. भाऊबंद म्हनलं, कळप थांबत न्हाय, पोराला गावात कुनाकडं ठिवून चल. मी कळप सोडला. पोराला मांडीवर घिऊन तितंच बसलो. तिसऱ्या दिशी पोरानं डोळं उगडलं. कळपातली मेंढरं कुनी नेली, किती नेली, ते मी इचारलं न्हाय.'

म्हातारीचा 'व्हय' आला नाही. ती म्हणाली, "मला कवा बोलला न्हाय हे. मेंढरं लांडग्यानं नेली म्हनला." मग म्हणाली, "गुरुजी, पुना वाचा की तेवढं."

मी दाराकडं पाहिलं. ही ओळ तात्यांनी स्वतःच्या हातानं टाईप केली होती, ती कुठं येते हे त्यांना माहीत होतं. पायरी रिकामी होती. तात्या उसाच्या बांधावरून चालत निघाले होते, चपला पायरीशीच राहिल्या होत्या. मी तेवढं पुन्हा वाचलं, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ते थांबले नाहीत.